कोबीचं पान न उकलण्याचा वसा

ऐक परसूमाते, तुझी कहाणी. नगर होतं आटपाट, नगरात राहत होता एक कासार. त्याची बायको वारली, मागं एक लेक राहिली. लेकीचं नाव वेणू. मग कासारानं दुसरं लग्न केलं. नवी बायको घरात आली, तिचं नाव राही. राही मनानं फार चांगली हो, पण स्वभाव भारी उतावळा. चुलीवर भात ठेवला की लगेच झाकण काढून बघणार, अशातली.

वेणू बापाशी बोले, गाईशी बोले, शेजारणीशी बोले. राहीशी मात्र चकार शब्द नाही. राहीला एकच ध्यास, पोरीनं आपल्याला आई म्हणावं. सकाळी वेणी घालताना पुसे, "म्हणतेस का ग आई?" दुपारी पान वाढताना पुसे, "आता तरी म्हण." रात्री पांघरूण घालताना पुसे, "एकदाच म्हण, मग नाही मागत." पोर भिंतीकडे तोंड फिरवी. राहीच्या जिवाला चैन पडेना.

घरामागं परस होतं. दिवाळी सरली, मग राहीनं तिथं कोबीची रोपं लावली. म्हटलं, गड्डे धरतील, पोरीच्या आवडीची भाजी करीन, पोर खाईल, हसेल, बोलेल. रोपं तरारली, मधली पानं आत वळू लागली. पण राहीला कुठला दम! रोज उठे, बोटानं पानं उकली, आत डोकावे. "गड्डा धरला का, बघू तरी." पानं चिरली, आत अळी शिरली, पोटातला कोंब कुजून गेला. ते वर्ष फुकट गेलं.

दुसऱ्या वर्षी पुन्हा लावली. या खेपेला आत बोट घातलं नाही, पण खालची पानं दिसली रुंद, हिरवीगार. म्हणाली, "ही कशाला हवीत? उगीच जागा अडवतात." खुडली आणि गाईला घातली. बायांनो, हसू नका, तुमच्यातही आहेत अशा. अहो, रोपाचं सगळं बळ त्याच पानांत! गड्डा धरला तो लिंबाएवढा, पुढं वाढेचना. तेही वर्ष गेलं. वेणूही होती तशीच अबोल.

तिसऱ्या वर्षी रोपं लावली आणि राही वाफ्याशी बसून रडू लागली. परसाची राखण करणारी परसूमाता, तिला दया आली. म्हातारीचं रूप घेऊन ती कुंपणाशी आली. "बाई बाई, का रडतेस?"

"काय सांगू आजी, माझ्या हाताला यशच नाही. कोबी धरत नाही, लेक बोलत नाही."

"कोबीचा वसा सांगते. पण तुला झेपायचा नाही. उतशील, मातशील, मध्येच पान उकलशील."

"नाही उकलायची. सांगा."

"मग ऐक. पाणी बुडाशी घालावं. अळी हातानं वेचावी. खालचं पान मोडू नये, आतलं पान उकलू नये. आणि झालं का, झालं का, म्हणून रोपाला पुसू नये."

"आणि लेकीचं काय करू?"

म्हातारी फणकारली, "मी कोबीचं सांगतेय, तू लेकीचं काय काढलंस?" असं म्हणून ती दिसेनाशी झाली.

राही विचारात पडली. दुसऱ्या दिवशी वेणी घालायला बसली. ओठांवर प्रश्न आला, तो तिनं गिळला. दुपारी पान वाढलं, काही पुसलं नाही. पोरीनं मान वर करून बघितलं, आज ही गप्प कशी?

मग राहीनं वसा धरला. पाणी घाली, अळी वेची, पानांवर चुलीतली राख भुरभुरवी. हात शिवशिवत, ते पदरात गुंडाळून ठेवी. फार कठीण गेलं हो तिला. ही पोर आपली कधी व्हायचीच नाही, असं वाटे, मग न्हाणीत जाऊन रडे. एके दिवशी वेणू येऊन शेजारी उकिडवी बसली, अळ्या वेचू लागली.  राही जरा सरकली आणि पोरीला जागा दिली.

माघ लागला. गड्डे भरले, घट्ट झाले. शेजारीण म्हणाली, "अगं, काढ की आता." राही म्हणाली, "नको बाई, वसा मोडेल." इतकी धसकली होती की गड्ड्याला हातच लावीना. दिवस गेले. मग एके सकाळी परसातून हाक आली, "आई! अगं आई! गड्डा तडकायला लागला की! काढ ना आता, किती वाट बघशील?"

राही कळशी घेऊन जागीच उभी राहिली. डोळ्यांना धार लागली. पुन्हा एकदा म्हण, असं अगदी तोंडाशी आलं. पण तिनं ते ओठांबाहेर काढलं नाही. डोळे पुसले आणि म्हणाली, "काढूया ग. जा, विळा आण."

जशी परसूमाता राहीला पावली, तशी तुम्हां-आम्हां पावो. ज्या हाकेची तुम्ही वाट बघता, ती तुमच्या कानी पडो. कहाणी होती साठा उत्तरांची, सांगितली पाचांत. सुफळ झाली, संपूर्ण झाली.