उत्तर दारापाशी टांगलेले मोजे

मंडळी, जरा खाली बघा. ग्लिनोवला येणारा प्रत्येक जण आधी मान वर करतो. टाऊन हॉलचं घड्याळ झालं, नदीवरचा जुना पूल झाला, आता या चर्चच्या मनोऱ्याचे फोटो काढून तुमच्या माना अवघडल्या असतील. आमच्या गावची बघण्यासारखी खरी गोष्ट गुडघ्याएवढ्या उंचीवर आहे. या उत्तरेच्या दाराच्या डाव्या अंगाला एक वीट आहे आणि तिच्यावर लहान मुलाचं पाऊल उमटलंय, पाची बोटांसकट. विटेवर पाऊल म्हटल्यावर तुमच्यातल्या दोघा-तिघांचे हात आपोआप जोडले गेले, ते मी पाहिलं. जोडा की, इथे कुणी हरकत घेत नाही.

माझं माहेर तासगावचं, पण इथे नांदायला आले त्याला आता निम्मं आयुष्य झालं. ही हकिकत मला माझ्या सासूबाईंनी, हेलेनाबाईंनी, याच दारात उभं राहून सांगितली. त्यांना त्यांच्या सासूबाईंनी सांगितली होती. तेव्हा खरं-खोटं मला विचारू नका.

हे चर्च बांधायला घेतलं तेव्हा या भागात दगड नव्हता, नुसती नदीकाठची माती होती. म्हणून सगळं काम विटांचं. त्या विटा पाडायला सालोमेया नावाची एक विधवा असायची. पहाटेपासून चिखल तुडवायचा, साच्यात भरायचा, ओल्या विटा मैदानात ओळीनं वाळत घालायच्या. तिची लेक युत्का दिवसभर त्या ओळींमधून अनवाणी धावायची. एकदा पाय पडला तो नेमका ओल्या विटेवर. असली वीट मोडून पुन्हा चिखलात कालवायची, अशी रीत. पण आभाळ भरून आलं होतं, विटा झाकायची घाई होती, म्हणून सालोमेयानं लेकीला चार शब्द सुनावले आणि वीट तशीच राहिली.

त्या वर्षी युत्कानं लोकरीचे मोजे मागितले होते म्हणे. आई म्हणायची, भट्टी लागू दे, मग विणते. भट्टी लागली, विटा भाजून निघाल्या, पण मोजे काही विणून झाले नाहीत. थंडी लवकर पडली आणि ज्वरानं पोर गेली. मला विचाराल तर त्यात मोज्यांचा काही संबंध नव्हता. पण हे आईला कोण पटवून देणार?

मग तिला ती वीट आठवली. ती धावत भट्टीवर गेली, तर विटा बांधकामावर गेलेल्या. डाग असलेली वीट भिंतीच्या पोटात घालायची, दर्शनी बाजूला लावायची नाही, हा गवंड्यांचा नियम होता. पोटात गेली असती तर ती पुन्हा दिसली नसती. मात्सेइ मिस्त्रीनं डागी विटांचा ढीग उपसून ती शोधली आणि कुणाला न विचारता इथे, अशी बाहेरच्या अंगाला बसवली.

"तपासायला येणारे वर बघतात," तो म्हणाला. "इतक्या खाली कोण वाकतं?"

पहिला बर्फ पडला तेव्हा सालोमेया इथे आली. पावलाच्या खळग्यात, टाचेत, बोटांत बर्फ साचला होता. ते तिच्यानं बघवेना. घरी जाऊन तिनं मोजे विणायला घेतले आणि विणून होताच विटेखाली भिंतीत एक खिळा होता, त्याला टांगले. दुसऱ्या दिवशी ते नव्हते. युत्काच घेऊन गेली, असं तिनं धरलं. पुढच्या हिवाळ्यात तिनं थोडे मोठे विणले, कारण लेक आता वाढली असणार. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आणखी थोडे मोठे. दर वेळी ते नाहीसे व्हायचे.

कोण नेतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. बुडून मेलेल्या नावाड्याची मुलगी दोरोता, युत्काच्याच वयाची. माझं सासर आहे म्हणून सांगते, या गावाच्या पोटात काही राहत नाही. पण ही एक गोष्ट कुणी सालोमेयाच्या कानावर घातली नाही.

अशी वर्षं गेली आणि एका हिवाळ्यात खिळा रिकामाच राहिला. दोरोता आता कमावती बाई होती, तिला मोज्यांची ददात नव्हती. पण रिकामा खिळा तिच्या नजरेतून सुटला नाही. ती तडक म्हातारीच्या घरी गेली. सालोमेया अंथरुणाला खिळली होती, दिसतही नव्हतं. दोरोता खाटेच्या कडेला बसली आणि तिनं म्हातारीचा हात आपल्या पायावर ठेवला. गेल्या हिवाळ्यातले मोजे होते ते. टाचेवरचं विणकाम बोटांना लागलं आणि म्हातारीनं ओळखलं.

तिनं टाचेवरून बोटं पुन्हा एकदा फिरवली. मग एवढंच विचारलं, "नीट बसायचे ना गं?"

"दर वर्षी नीट बसले, मावशी," दोरोता म्हणाली. "पण पाय वाढला तो माझा. तिचा अजून तेवढाच आहे."

आणि तिनं शालीआडून स्वतः विणलेली इवलीशी जोडी काढून म्हातारीच्या हातात दिली. सालोमेयानं ती चाचपून पाहिली, गालाला लावली आणि म्हणाली, "जा, टांग जा. बर्फ साचला असेल."

आजही ग्लिनोवमध्ये पहिला बर्फ पडला की कुणी ना कुणी या खिळ्याला लहान मुलाचे मोजे टांगून जातं. ज्याच्या घरी गरज असेल त्यानं ते न्यावेत, त्याला कुणी नाव विचारत नाही. आणि आजही या गावात हातानं विणलेलं काही मिळालं तर माणसं आभार मानत नाहीत. घालून बघतात आणि म्हणतात, नीट बसले.