माइक न सोडणाऱ्याचं गाणं

कुसवड्याच्या नवरात्रात मंदाकिनी खोत एकटीच पेटी घेऊन विनोदी गाणी म्हणायला बसली. पहिलंच गाणं सत्कारात हातातला माइक न सोडणाऱ्या पाहुण्यावर होतं. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, पुढच्या खुर्च्यांवरची मंडळी मात्र कपाळाला आठ्या घालून बसली होती.

शेवटी उत्सवाचे अध्यक्ष दादासाहेब ताडकन उठले. त्यांच्यामागे चार-पाच जण उठले.

"बंद करा हा थिल्लरपणा! बाई, पंचक्रोशीत पुन्हा कुठे पेटी उघडू देणार नाही तुम्हाला."

"अहो, चालू द्या की!" मागून बायका ओरडल्या.

मंदाकिनीने हात जोडले. "दादासाहेब, मला कुणाचं मन दुखवायचं नाही. हे गाणं आपल्यावरच आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी तेवढं उभं राहावं, बाकीच्यांनी बसावं. जे उभे असतील त्यांची पाया पडून माफी मागते आणि पेटी बंद करते."

मागचे चार-पाच जण पटकन बसले. दादासाहेबांनी वळून पाहिलं, तर अख्ख्या मांडवात ते एकटेच उभे! आता आठ्या घातलेली मंडळीही हसू दाबू लागली.

"मी आपला उपरणं सावरायला उठलो होतो," म्हणत दादासाहेब खुर्चीत टेकले. "हं, होऊ द्या पुढचं कडवं."