हौसाक्काचा राहिलेला चेंडू

ऐका मंडळी. फार वर्षांपूर्वी चिंचखोऱ्यात केरबा नावाचा पंच होऊन गेला. पलटणीतून परतलेल्या एका हवालदारानं गावाला बास्केटबॉलचं वेड लावलं होतं. चिंचेला लोखंडी कडं ठोकलं होतं आणि गाव खेळत होतं. पण खेळ कमी आणि डोकी फुटायची जास्त. पाटलाच्या पोराला एक न्याय, बाकीच्यांना दुसरा. केरबानं गळ्यात शिट्टी अडकवली आणि ही बजबजपुरी मोडली. सख्ख्या भावालाही त्यानं मैदानाबाहेर काढलं होतं, असं म्हणतात. एकाला सूट दिली की दुसरा हात पसरून उभाच, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

गावाची एक जुनी रीत होती. ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरी चुलीवर कढई चढत नसे. तळण नाही की सण नाही. मग जत्रेचा सामना रंगात आला की त्या घरच्या कुणीतरी मैदानात येऊन एक चेंडू टाकायचा. दोन्ही बाजूंचे गडी हात खाली सोडून उभे राहायचे. चेंडू कड्यातून जावो न जावो, दुखवटा सुटायचा आणि शेजारणी येऊन कढई चढवायच्या. केरबाला हे रुचत नव्हतं, पण तो काणाडोळा करायचा.

एका वर्षी सामन्याला तालुक्याची माणसं आली. जिंकेल तो संघ पुढं जाणार होता, आणि नियमाबाहेर काही होऊ देणार नाही असा शब्द केरबानं दिला होता. त्याच वर्षी हौसाक्काचा एकुलता एक मुलगा बाजी शेतात पान लागून, म्हणजे साप चावून, गेला होता. सामना संपत आला तशी ती चेंडू घेऊन रेघेपाशी आली. परक्या गावच्या पोरांनीसुद्धा हात खाली सोडले.

तरी केरबानं शिट्टी फुंकली.

"हौसाक्का, खेळाडूबिगर कुणाला आत येता येत न्हाई."

"एवढा एक टाकू दे, बाबा. मग घरला जाते."

"आज न्हाई जमायचं. नियम हाय."

"बरं," ती म्हणाली. चेंडू रेघेवर ठेवून ती माघारी गेली.

तिच्या घरी कढई चढलीच नाही. शेजारणी गेल्या, तर तिनं दार उघडलं नाही. होळीच्या आधीच तीही बाजीमागं गेली. केरबाला कुणी बोल लावला नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. कुणी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटे.

पुढच्या जत्रेला त्यानं शिट्टी तोंडात धरली, तर ती वाजेना. दुसऱ्याच्या तोंडी वाजायची, त्याच्या तोंडी नाही. केरबा समजला. त्यानं शिट्टी भुईवर ठेवली, हौसाक्काच्या नावानं चेंडू उचलला आणि वर टाकला. चेंडू कड्याच्या वर गेला, चिंचेच्या शेंड्याच्याही वर गेला आणि खाली आलाच नाही, असं म्हणतात. तेवढ्यात हौसाक्काच्या बंद घराकडून तळणाचा वास आला. केरबा धावत गेला. दार ढकललं, तर आत चूल गार होती, राखेवर कोळिष्टकं होती. तिच्या उंबऱ्यावर बसून तो ढसाढसा रडला. त्यानंतर त्यानं पंचाचं काम केलं नाही.

आजही चिंचखोऱ्यात सगळे नियम केरबाचेच. तसूभर सूट मिळत नाही, मग तो सरपंचाचा मुलगा का असेना. पण जत्रेच्या सामन्यात एक वेळ अशी येते, की पंच घड्याळ थांबवतो, शिट्टी काढून ठेवतो आणि दुखवट्याच्या घरी स्वतः चालत जातो. "केरबानं बोलावलंय," एवढंच म्हणतो. घरातलं माणूस हाताला धरून मैदानात आणतो. काही जण लगेच चेंडू टाकतात. काहींना टाकवत नाही, ते नुसतेच छातीशी धरून उभे राहतात. मग पंच थांबतो, दोन्ही संघ थांबतात, आणि दिवे लागले तरी कुणी घरी जात नाही.