नाड्यांचं अस्तर

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक शिंपीण राहायची. हातात कसब आणि तोंडात तोफखाना! तिने शिवलेल्या कपड्याला कुणी नाव ठेवलं, तर ती तो कपडा भर रस्त्यात उलटा करायची आणि एकेक टाका दाखवून समोरच्याला गप्प करायची. दुसरी खोड अशी, की तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. सकाळी तिच्या ओसरीवर बोललेली गोष्ट दुपारी पाणवठ्यावर पोचलेली असे.

त्या गावातल्या मुलांची एक मौज होती. दर पौर्णिमेला सगळी पोरं कुणा एकाच्या अंगणात झोपायला जमत. गोष्टी, भेंड्या, खिदळणं, सगळं यथास्थित चाले. भांडण व्हायचं ते गोधड्यांवरून. सकाळी पाहावं, तर एकाच्या अंगावर तीन गोधड्या आणि दुसरा मुटकुळं करून कुडकुडतोय.

पुढची पौर्णिमा पाटलीणबाईंच्या अंगणात होती. त्यांनी शिंपिणीला बोलावून सांगितलं, "पोरांसाठी एक झकास तंबू शिव. आणि प्रत्येकाला आपापली झोपायची पिशवी. पाय आत घालायचे, गळ्यापर्यंत ओढून घ्यायची, की भांडण मिटलं!"

शिंपीण हरखली. बैलगाडीवरच्या जुन्या कापडाचा तंबू तयार झाला. त्याला खिडकी आली, दाराला पडदे आले, वर रंगीत झालर लागली. पिशव्यांना बाहेरून जाड कापड, मध्ये कापूस आणि आत जुन्या लुगड्यांचं मऊ अस्तर. मापं द्यायला पोरं टाचा उंचावून उभी राहत आणि शिंपीण त्यांच्या डोक्यावर टपली मारून त्यांना खाली आणत असे.

सगळी आली, पण कुंभाराची धाकटी लेक काही आली नाही. तेव्हा शिंपीण स्वतःच टेप घेऊन तिच्या घरी गेली. पोर वाळत घातलेल्या मडक्यांमागे बसली होती.

"चल, उभी राहा. उंची घेऊ दे."

"मला पिशवी नको, मावशी. पौर्णिमेला माझं पोट दुखणार आहे."

"आतापासूनच ठरलंय होय गं?" शिंपीण हसली.

पोरीचे डोळे भरून आले. तिने शिंपिणीच्या कानाला तोंड लावलं आणि सांगून टाकलं. ती अजून झोपेत अंथरूण ओलं करायची. म्हणून दर पौर्णिमेला तिचं पोट दुखायचं.

"कुणाला सांगू नको, मावशी. सगळे चिडवतील मला."

शिंपीण घरी आली, पण तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. कापसाची पिशवी भिजली तर लवकर वाळणार नाही, सगळ्यांना दिसेल. एकट्या पोरीची वेगळी शिवली तर सगळे विचारतील, हिचीच का वेगळी? बराच वेळ ती विचार करत बसली. मग तिने कात्री उचलली आणि शिवून झालेल्या सगळ्या पिशव्यांची अस्तरं उसवली.

आता प्रत्येक पिशवीत कापसावर मेणकापड आलं आणि त्यावर सुटं अस्तर, नाड्यांनी बांधलेलं. पोरांना तिने ठणकावून सांगितलं, "उठल्याबरोबर आपापलं अस्तर सोडायचं, हौदावर धुवायचं आणि दोरीवर टाकायचं. त्याशिवाय कुणालाही दूध मिळायचं नाही!"

पौर्णिमेच्या दुपारी पाटलीणबाईंच्या अंगणात तंबू उभा राहिला. बायका बघायला जमल्या. पाटलीणबाईंनी एक पिशवी उलटी केली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे काय गं? अस्तर नाड्यांनी बांधलंस? शिवायचा कंटाळा आला, की हात थकला तुझा?"

बायका फिसकन हसल्या. शिंपिणीच्या अंगाचा तिळपापड झाला. खरं कारण अगदी जिभेच्या टोकावर आलं. एक वाक्य, आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. इतक्यात तिचं लक्ष तंबूच्या दाराकडे गेलं. कुंभाराची लेक पडदा घट्ट धरून उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

शिंपिणीने ते शब्द गिळले. "होय, पाटलीणबाई. हात आता पूर्वीसारखा चालत नाही."

ही बातमी गावभर व्हायला कितीसा वेळ लागणार? संध्याकाळच्या आत एका लग्नघराने आपलं कापड परत नेलं. शिंपिणीला फार वाईट वाटलं. पण खरं कारण तिने पोटातच ठेवलं.

सकाळी हौदावर नुसता धुडगूस! सगळी पोरं अस्तरं धूत होती आणि एकमेकांवर पाणी उडवत होती. सगळी नखशिखांत भिजली. दोरीवर लुगड्यांची अस्तरं ओळीने फडफडू लागली, आणि त्यात कुंभाराच्या लेकीचं कोणतं, हे तिचं तिलाच ओळखू येईना. त्या दिवशी तिने दोन पेले दूध प्यायलं.

दुपारी पाटलीणबाई शिंपिणीच्या मागच्या दाराने आल्या. खाली बसल्या, पदराशी चाळा करत राहिल्या.

"माझ्या नातवाचं अंथरूण मी रोज गुपचूप धुते," त्या हळूच म्हणाल्या. "लाजेने मान वर करत नाही गं पोर. आज मात्र स्वतः धुऊन हसत हसत आला. तुला कसं कळलं त्याचं?"

शिंपीण चमकली. नातवाचं तिला स्वप्नातही ठाऊक नव्हतं! 'तुमच्या नातवासाठी नव्हे, एका पोरीसाठी केलं' हे शब्द पुन्हा जिभेवर आले. तिने ते पुन्हा गिळले. दुसऱ्या वेळी ते जरा सोपं गेलं.

"मला कुठलं काय कळतंय, बाई? हात चालेना, म्हणून नाड्या लावल्या."

पाटलीणबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. मग दोघीही खुदकन हसल्या. दुसऱ्या दिवशी पाटलीणबाई आपलं सणाचं कापड घेऊन भर चौकातून शिंपिणीच्या ओसरीवर आल्या आणि सगळ्यांदेखत मापं देऊन गेल्या. त्यांच्या मागोमाग लग्नघरही निमूटपणे परत आलं.

पुढच्या पौर्णिमेच्या आधी कुंभाराची लेक धावत धावत शिंपिणीकडे आली.

"मावशी, तंबू दे लवकर! या वेळी सगळे आमच्या अंगणात झोपणार आहेत. मीच बोलावलंय!"

तात्पर्य: दुसऱ्याची लाज झाकणारं कापड शिवायचं, तर शेवटचा टाका आपल्याच ओठांना घालावा लागतो.