पाकिटावर नसलेलं कूट

"पण माई, मी खोटं कुठं लिहिलं?"

सुभानराव देवकाते मठाच्या ओसरीवर उभा होता. बस म्हटलं तरी बसेना. त्याचा चटणीचा कारखाना. बाहेर टेम्पो भरून उभा, बाजारांना निघालेला. मठाच्या माईंनी हात लावल्याशिवाय माल हलवायचा नाही ही त्याची रीत. आज माई जागच्या उठल्याच नव्हत्या.

"जवस, लसूण, मिरची, मीठ. छापलंय ते सगळं आत आहे."

"आणि शेंगदाण्याचं कूट?"

"कूट कोण सांगत बसतं, माई? भाजीत असतं, कोशिंबिरीत असतं. जरा घातलं की चटणी मऊ लागते."



गावातल्या फुलवंतीच्या पोरीला शेंगदाणा चालत नाही. तोंडात गेला की घसा सुजतो. फुलवंतीनं पाकीट दोनदा वाचलं आणि मगच पोरीला चटणी दिली. पोर तालुक्याच्या दवाखान्यात आहे. कालपासून आपली आपण श्वास घेतेय.

"दुबईला माल जातो तुझा," माई म्हणाल्या. "त्या पाकिटावर?"

"त्याच्यावर लिहितो की. ठळक. तिथं विचारतात."

"इथं?"

"इथं कोण विचारतंय…"

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. सुभानराव दाराकडं गेला, परत आला.

"माई, उशीर होतोय. तेवढा हात लावा."

खरं सांगायचं तर त्याला उत्तर नकोच होतं. होकार पाहिजे होता.

"पंगत बसलीय," माई म्हणाल्या. "आमटी वाढ."

एवढा मोठा कारखानदार. आजवर पानावर बसलेला, वाढायला कधी उठला नव्हता. पण माईंचा शब्द. त्यानं बादली उचलली.

"आमटी, आमटी…"

पहिलं पान माईंचं. माईंनी पानावर हात आडवा धरला.

"घ्या की थोडी."

"काय आहे?"

"आमटीच आहे, माई."

"आमटीत?"

सुभानरावानं बादलीत बघितलं. बघून काय कळणार… तोवर पुढच्या बाईनं हात आडवा धरला. तिच्या पुढच्यानं धरला. सगळ्या पंगतीनं धरला. भात गार होत होता.

तो तसाच बादली घेऊन चुलीकडं गेला.

"हौसाबाई, यात काय घातलंय?"

"आज परीक्षा आहे का तुमची?" हौसाबाई म्हणाली. पण तिनं सांगितलं.

तो परत आला.

"तूरडाळ. चिंच, गूळ. मसाल्यात खोबरं आणि तीळ."

माईंनी हात काढला. पुढच्या बाईनं काढला. एकेक हात निघत गेला. टोकाला भिवा धनगर बसला होता, त्यानं काढला नाही.

"मला तीळ सोसत नाही. अंगावर गांधी उठतात. पुढं चला."

"भिवा, इतकी वर्षं शेजारी जेवतोय आपण. कधी बोलला नाहीस."

"तुम्ही कधी वाढायला होता?"

भिवानं ताकभात कालवला आणि जेवू लागला.

पुन्हा हॉर्न वाजला. सुभानराव दारात गेला.

"बंद कर गाडी," तो ड्रायव्हरला म्हणाला. "उतरव सगळं."

"सगळं, मालक?"

"सगळं."

मग तो माईंसमोर येऊन बसला. आल्यापासून पहिल्यांदाच बसला. हातात बादली तशीच.

"माई, इथं चार पानं होती, हाक मारली. माझी चटणी कुठल्या कुठल्या घरात जाते. एवढ्या पानांपाशी मी कसा पोचू…"

माई घास घेता घेता थांबल्या.

"पाकिटातून पोचतोसच की. तोंड तेवढं घरी ठेवून जातोस."