माळावरची परीक्षा

फार जुनी गोष्ट. गर्द रानात शेकरूबाईची फळांची कोठारं होती. दूरच्या कोठारावर माकडं आली तर हाक द्यायला कोणीतरी हवं, म्हणून तिने उघड्या माळावर पक्ष्यांची परीक्षा घेतली. चिमुकल्या शिंजिराने बारीक आवाजात माकडं किती, कुठून आली, सगळं एका दमात सांगितलं. भारद्वाज नुसताच 'हूप हूप' घुमला. शेकरूबाईला हसू आवरेना. तिने शिंजिरालाच नेमलं.

पुढे एकदा ती त्या कोठारापाशी गेली आणि जागीच थिजली. ढोलीत टरफलसुद्धा उरलं नव्हतं!

"मेल्या, ओरडला का नाहीस?"

"घसा बसेपर्यंत ओरडलो, शेकरूबाई! ऐकूच आलं नाही तुम्हाला?"

इतक्यात दरीपलीकडून, दाट झाडीतून, भारद्वाजाचं 'हूप हूप' स्पष्ट ऐकू आलं. शेकरूबाईला परीक्षेचा दिवस आठवला.

परीक्षेच्या माळावर आवाज अडवायला एकही झाड नव्हतं.