साहेबांना दिसलेला ओढा

वळवाच्या वाऱ्यात घराचे पत्रे उडाले, तेव्हापासून खडकेवस्तीच्या हौसाबाईचं बिऱ्हाड मारुतीच्या देवळात होतं. नवं घर बांधायला परवाना हवा, आणि परवाना तालुक्याच्या कचेरीतल्या कुलथे साहेबांच्या हातात. साहेबांना उन्हाचं वावडं. त्यांनी पंख्याखाली बसूनच जागेची पाहणी उरकली आणि अर्जावर शेरा मारला : ‘प्रत्यक्ष पाहणी केली. जागेतून बारमाही ओढा वाहतो. परवानगी नाही.’

हौसाबाईनं शेरा दोनदा वाचला आणि तिला हसूच फुटलं. खडकेवस्तीला प्यायचं पाणी चार दिवसांनी टँकरनं येत होतं!

दुसऱ्या दिवशी वस्तीवरच्या तीस बाया रिकामे हंडे घेऊन कचेरीत शिरल्या.

“हा काय तमाशा?” साहेब कडाडले.

“तमाशा कसला? उपकार झाले तुमचे,” हौसाबाईनं हात जोडले. “उभा जन्म गेला त्या जागेवर, पण आम्हाला मेला ओढा कधी दिसला नाही. तुम्ही एका पाहणीत हुडकलात. आता चला, तेवढा दाखवा. बाया पाण्यासाठी खोळंबल्यात.”

साहेबांनी दाराकडे पाहिलं. दारात हंडेच हंडे.

“अहो बाई, तो... आटला असेल आता.”

“मग तसं लिहा. नाहीतर चला.”

साहेबांनी मुकाट्यानं पेन उघडलं. बारमाही ओढा टेबलावरच आटला.

त्या दिवशी तीस हंड्यांतले एकोणतीस रिकामेच परतले. हौसाबाईच्या हंड्यात मात्र परवाना होता.